शिवेचा साक्षीदार : नॉर्थॅम्प्टनशायरचा स्थानिक इतिहास आणि बालपणीच्या आठवणी

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, सनदा, नाणी आणि दप्तरखान्यांतील कागद यांची मालिका आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. बालपणीच्या आठवणींना या मालिकेत जागा द्यावयास इतिहासकार सहसा राजी नसतो. आठवण हा वाङ्मयाचा विषय आणि पुरावा हा इतिहासाचा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. तथापि इंग्लंडच्या ग्रामजीवनात दीर्घ काळ अशी स्थिती होती की, बालपणीची आठवण हाच गावच्या शिवेचा भक्कम पुरावा मानला जाई.

त्या काळी प्रत्येक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावाची, शीव दरवर्षी वसंतात पायी फिरून पाहण्याचा प्रघात होता. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या दिवसांत धर्मोपदेशक, गावातील जाणती मंडळी आणि मुलगे अशी मिरवणूक निघे. शिवेवरील धोंडा, जुने झाड, ओढा किंवा चर आला की तेथे थांबून मुलांस ती खूण दाखवीत. केवळ दाखवून भागत नसे. कोणाचे डोके धोंड्यावर हलकेच आपटावे, कोणास चरात ढकलावे, कोणास ओल्या फोकाचा प्रसाद द्यावा आणि मग हातावर एखादे नाणे किंवा खाऊ ठेवावा, अशी रीत होती. हेतू उघड होता. पन्नास वर्षांनी दोन गावांत तंटा उपस्थित झाला, तर त्या मुलांपैकी कोणी तरी म्हातारा न्यायासनापुढे उभा राहून सांगू शकेल की, "मी लहान असताना याच जागी मला मार बसला होता, शीव येथूनच जाते." ज्या समाजात नकाशे दुर्मिळ होते, त्या समाजाने मुलाच्या अंगावरच नकाशा काढून ठेविला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे भूमापक साखळी घेऊन आला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमिनींचे मोजमाप झाले, नकाशे तयार झाले, निवाडे लिहिले गेले, आणि त्या म्हाताऱ्या साक्षीदाराची गरज संपली. त्याच्याजवळ जे होते त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे. नॉर्थॅम्प्टनशायर या एकाच परगण्याच्या आधारे त्याचा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

हा परगणा इंग्लंडच्या मध्यभागी येतो. नेन नदीचे खोरे, चुनखडीच्या दगडाची घरे, दुरून दिसणारे चर्चचे उंच मनोरे आणि मोठमोठ्या जमीनदारांचे वाडे ही त्याची जुनी ओळख. राजकीय इतिहासाच्या विद्यार्थ्यास तो दोन कारणांनी माहीत असतो. १५८७ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद याच परगण्यातील फॉदरिंगे येथे झाला आणि १६४५ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला तो नेझ्बीच्या रणांगणावर. परगण्याचा इतिहास लिहिण्याची परंपराही येथे जुनी आहे. जॉन ब्रिजेस याने जमविलेल्या साहित्यावरून तयार झालेला दोन खंडांचा इतिहास त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, १७९१ मध्ये पूर्ण रूपाने प्रसिद्ध झाला. त्यानंतर जॉर्ज बेकर याने १८२२ पासून १८४१ पर्यंत आपल्या इतिहासाचे भाग काढले. ते काम अपुरेच राहिले.

हे ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेले आहेत, यात शंका नाही. त्यांत जहागिरी कोणाकडून कोणाकडे गेल्या हे आहे, वंशावळी आहेत, चर्चमधील थडग्यांवरील लेख आहेत. पण ज्याने ती जमीन नांगरली आणि जिने त्या शेतात सरवा वेचला, त्यांची नावे तेथे शोधून सापडावयाची नाहीत. हा सामान्य मनुष्य सरकारी कागदांत शिरतो तो बहुधा गुन्हेगार म्हणूनच. १६०७ च्या जून महिन्यात न्यूटन या गावी जमीनदाराने घातलेली कुंपणे उपटण्यासाठी जमलेल्या लोकांवर परगण्यातील सरदारांनी हत्यारबंद माणसे घातली आणि सुमारे चाळीस-पन्नास लोक मारले गेले. १७६५ मध्ये वेस्ट हॅडन येथे तर गंमतीचा प्रकार घडला. 'नॉर्थॅम्प्टन मर्क्युरी' या वृत्तपत्रात फुटबॉलच्या सामन्याची जाहिरात आली, ठरल्या दिवशी लोक जमले, आणि चेंडूचा खेळ बाजूला राहून नव्या कुंपणांच्या लाकडांची होळी झाली. दंगा झाला म्हणून त्याची नोंद राहिली. ज्यासाठी दंगा झाला ते नित्याचे जीवन मात्र नोंदीबाहेरच राहिले.

ते जीवन कसे होते हे कळावयास आपणांस परगण्याच्या ईशान्य टोकाकडील हेल्पस्टन या गावी जावे लागते. तेथे १३ जुलै १७९३ रोजी जॉन क्लेअर जन्मला. त्याचा बाप पार्कर क्लेअर हा शेतमजूर. मळणीच्या कामात आणि कुस्तीत तरबेज, आणि शंभरावर पोवाडे मुखोद्गत असलेला. आई शेजारच्या कॅस्टर गावच्या मेंढपाळाची मुलगी. वर्षातून जेमतेम काही महिने शाळा आणि बाकीचे महिने शेतावर काम, असे क्लेअरचे बालपण गेले. धान्य झोडपण्यासाठी बापाने त्याच्या हाताला पेलेल असे हलके दांडके मुद्दाम करून दिले होते. १८२० मध्ये त्याचा पहिला कवितासंग्रह लंडनमध्ये निघाला आणि हा शेतमजूर एकाएकी प्रसिद्धीस आला. पुढच्याच वर्षी आपला प्रकाशक जॉन टेलर याच्याकरिता त्याने आपल्या आयुष्याची हकीकत लिहून काढली. हे लिखाण एडमंड ब्लंडन याने १९३१ मध्ये प्रसिद्ध करीपर्यंत हस्तलिखितातच पडून होते.

क्लेअरच्या आत्मकथनपर लिखाणात काय आहे? गायरानावर गावच्या गाई राखणारी एक म्हातारी आहे. जुनी गाणी आणि गोष्टी यांचे भांडार तिच्यापाशी होते आणि तिच्याभोवती गुराखी पोरे जमत. सणांचे खेळ आहेत. लँगली बुश नावाचे एक जुने काटेरी झाड आहे. पूर्वी तेथे त्या भागाचे न्यायासन भरत असे आणि क्लेअरच्या काळी तेथे जिप्सींचे तळ पडत. आणि एक लहानसा प्रसंग आहे. गावाशेजारच्या एमन्सेल्स माळाच्या पलीकडे जग संपत असले पाहिजे आणि तेथे जाऊन खाली वाकून पाहिले तर जगाची गुपिते दिसतील, असे वाटून हा मुलगा एके दिवशी एकटाच चालत सुटला. चालता चालता ओळखीची फुले संपली, पाखरे अनोळखी वाटू लागली, सूर्यही नेहमीच्या जागी दिसेना. संध्याकाळी तो परतला तेव्हा घरची व गावची माणसे त्याच्या शोधात हिंडत होती. हे सांगताना क्लेअरने जो शब्दप्रयोग केला आहे त्याचा आशय असा की, आपण आपल्या ज्ञानाच्या हद्दीबाहेर गेलो. गावाची शीव आणि ज्ञानाची शीव त्या मुलाच्या लेखी एकच होती.

ही शीव ज्या शिवाराभोवती होती त्याची रचना समजून घेतली पाहिजे. हेल्पस्टनची शेतजमीन लोलम ब्रिज, हीथ आणि वुडक्रॉफ्ट अशा तीन विस्तीर्ण मोकळ्या शेतांत विभागलेली होती. प्रत्येक शेतात अनेकांच्या लांबट पट्ट्या. मध्ये कुंपण नाही. पीक निघाल्यावर सर्वांची गुरे त्या शेतांत चरत. त्याखेरीज माळ आणि दलदलीची कुरणे होती. ज्याची स्वतःची गुंठाभरही जमीन नव्हती त्यालासुद्धा तेथून सरपण, गवत, एखाद्या गाईचा चारा आणि हंगामात सरवा मिळे. यांपैकी काही हक्क घराशी किंवा जमिनीशी जोडलेले होते, तर पुष्कळसे केवळ वहिवाटीने चालत आलेले होते. ही वहिवाट कोठे लिहिलेली नव्हती. ती लोकांच्या आठवणीत होती.

१८०९ मध्ये पार्लमेंटने हेल्पस्टन आणि आसपासची गावे यांच्या कुंपणबंदीचा कायदा केला. अशा कायद्यांची पद्धत ठराविक असे. संमती मोजावयाची ती माणसांवरून नव्हे, जमिनीच्या किमतीवरून. नंतर कमिशनर नेमावयाचे, मोजणी करावयाची, हक्क मागावयास लोकांना मुदत द्यावयाची आणि पट्ट्या व गायरान एकत्र करून नव्याने वाटप करावयाचे. ज्याला कागदावर हक्क दाखविता आला त्यास तुकडा मिळाला. ज्याच्याजवळ केवळ वहिवाट होती त्यास काही नाही. मिळालेल्या तुकड्यास कुंपण घालण्याचा खर्च मालकाने करावयाचा असल्यामुळे लहान मालकांस तोही जड जाई. शिवाय १८०१ च्या सर्वसाधारण कायद्याने असे ठरविले होते की, निवाड्यात ज्या वाटांचा निर्देश नसेल त्या वाटा राहणार नाहीत; त्यांची जमीन शेजारच्या वाटपात जाईल. हेल्पस्टनचा अंतिम निवाडा झाला १८२० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी क्लेअरचा पहिला संग्रह निघाला त्याच वर्षी.

निवाडा आणि क्लेअरची हकीकत ही दोन साधने शेजारी ठेवून वाचली म्हणजे स्थानिक इतिहासाचे खरे स्वरूप ध्यानात येते. निवाडा आपणांस सांगतो की, अमुक इतकी जमीन अमक्यास मिळाली आणि रस्ता अमुक रुंदीचा राहील. ही माहिती क्लेअरकडून मिळणार नाही. परंतु कोणती पायवाट कोणत्या झऱ्याकडे जात होती, त्या वाटेवर कोणत्या झाडाखाली मजूर भाकरी खावयास बसत, गायराने गेल्यावर गुराखी मुले व ती गाई राखणारी म्हातारी यांच्या जगाचे काय झाले, याविषयी निवाडा मौन पाळतो. स्वॉर्डी वेल येथील जुनी दगडखाण निवाड्याप्रमाणे रस्तेदुरुस्तीच्या दगडासाठी गावाकडे राहिली. त्या जागेलाच वाचा फुटून ती आपले गाऱ्हाणे सांगत आहे, अशी कविता क्लेअरने लिहिली. एकाच जागेची ही दोन कागदपत्रे होत, आणि दोन्ही खरी आहेत.

मात्र येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. कायदा झाला तेव्हा क्लेअर सोळा वर्षांचा होता. त्याचे बालपण संपण्याचा आणि मोकळे शिवार संपण्याचा काळ एकच. कोणाही माणसास गेलेले बालपण सोनेरी वाटते. मग तो ज्याबद्दल शोक करितो ते गायरान की आपले वय? शिवाय कुंपणांची कामे निघाली तेव्हा लाकडी कुंपणे घालणे आणि काटेरी रोपांच्या रांगा लावणे या कामांवर तो स्वतःच मजुरीने जात असे, हेही त्याने लपविलेले नाही.

इतिहासकारांत या प्रश्नावर दीर्घकाळ वाद चालला आहे. हॅमंड पतिपत्नींनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुंपणबंदीने ग्रामीण मजुराचा सर्वनाश झाला असे प्रतिपादन केले. १९५३ मध्ये जे. डी. चेंबर्स यांनी त्याचा प्रतिवाद केला. कुंपणे, चर आणि नवी शेतीपद्धती यांमुळे मजुरांस काम वाढले, गावे ओस पडली नाहीत, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यांच्या मते शोकगीतांवर विसंबून इतिहास लिहिता येत नाही. १९९३ मध्ये जे. एम. नीसन यांनी नॉर्थॅम्प्टनशायरच्याच गावोगावच्या कागदांचा कसून अभ्यास केला आणि दाखवून दिले की, सामाईक हक्कांवर जगणारे लोक समजले जात होते त्याहून पुष्कळ अधिक होते, कुंपणबंदीनंतर लहान जमीनधारकांची संख्या घटली, आणि लोकांचा विरोध खरा व चिवट होता. म्हणजे ज्या आठवणी केवळ हळहळ म्हणून बाजूस सारल्या गेल्या होत्या, त्यांना कागदांचा दुजोरा मिळाला.

यावरून आठवण नेहमीच खरी ठरते असा अर्थ कोणी काढू नये. मजुरी वाढली की घटली, हे क्लेअरला विचारण्यात अर्थ नाही. ते जमाखर्चाच्या वह्यांस विचारावे. पण मजुरी वाढूनही माणसास आपण गरीब झालो असे का वाटले, याचे उत्तर वहीत नसते. पूर्वी तो मजूर तर होताच, पण गायरानाचा भागीदारही होता. नंतर केवळ मजूर उरला. हा फरक ज्याने दोन्ही अवस्था पाहिल्या तोच सांगू शकतो.

मराठी वाचकास या परगण्याविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. त्याच परगण्याच्या दक्षिण भागात पॉलर्सपरी या गावी १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यम केरीचा जन्म झाला. त्याचा बाप आधी विणकर होता. केरी लहान असतानाच तो गावच्या चर्चचा कारकून आणि शाळामास्तर झाला. केरीच्या बालपणाची माहिती आपणांस मिळते ती मुख्यतः त्याच्या बहिणीने सांगितलेल्या आठवणींवरून. घरातील आपली खोली त्याने किडे, पाखरे व वनस्पती यांनी भरून टाकली होती, आणि धाकट्या बहिणीस कडेवर घेऊन तो चिखलातून फुले व किडे शोधीत हिंडे. पुढे पिडिंग्टन येथे तो जोडे शिवण्याचे काम शिकला. त्या परगण्यात हा धंदा घरोघर चाले. १७९३ च्या जून महिन्यात त्याचे जहाज हिंदुस्थानकडे निघाले आणि जुलैत क्लेअर जन्मला. एका परगण्याच्या या दोन पुत्रांची भेट होणे शक्यच नव्हते.

केरीने १८०५ मध्ये श्रीरामपूर येथून मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश प्रसिद्ध केला. या कामी त्यास पंडित वैजनाथ यांचे साह्य होते, आणि कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. आपल्या भाषेच्या मुद्रणाच्या इतिहासात या ग्रंथांचे स्थान कोणते ते वाचकांस विदित आहे. श्रीरामपूरच्या बागेत त्याने देशोदेशींच्या वनस्पती जमविल्या. इंग्लंडहून आलेल्या बियाण्याची पिशवी झटकल्यावर त्या मातीतून एके दिवशी डेझीचे रोप उगवले. पॉलर्सपरीच्या वाटेवरचे हे क्षुद्र फूल पुन्हा पाहावयास मिळेल असे केरीस वाटले नव्हते, आणि त्याचा आनंद त्याने पत्रात कळविला. श्रीरामपुरात भाषांचे कोश रचणाऱ्या पंडितातही पॉलर्सपरीचा मुलगा शाबूत होता.

दोघांची तुलना आणखी एका बाबतीत उद्बोधक ठरते. चांभारकाम केलेल्या केरीने परक्या भाषांची व्याकरणे लिहिली. क्लेअरला मात्र स्वतःच्याच भाषेचे व्याकरण जाचक वाटे. तो विरामचिन्हांवाचून लिही आणि गावचे शब्द योजी. प्रकाशकाने काही शब्द बदलले, तर उरलेल्यांसाठी संग्रहाच्या शेवटी अर्थसूची जोडावी लागली. पण याच शब्दांना पुढे मान मिळाला. इतिहासकार जॉर्ज बेकर याची बहीण अ‍ॅन एलिझाबेथ बेकर हिने १८५४ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरच्या बोलीचा दोन खंडांचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा क्लेअरचे लिखाण तिला आधार म्हणून उपयोगी पडले. भावाच्या इतिहासात ज्यांस जागा नव्हती ते लोक बहिणीच्या कोशात बोलू लागले!

विसाव्या शतकात या परगण्याची दुसरी एक जीवनपद्धती अस्तंगत झाली आणि तेथेही आठवण साक्षीस उभी राहिली. पादत्राणांचा धंदा घरामागील लहान खोल्यांतून कारखान्यांत गेला. १९०५ च्या मे महिन्यात रॉन्ड्झ गावचे लष्करी बूट शिवणारे शंभरावर कामगार मजुरीच्या दराची तक्रार घेऊन पायी लंडनला गेले. त्याच महिन्यात शेजारच्या रश्डन येथे एच. ई. बेट्स हा लेखक जन्मला. १९६९ मध्ये त्याने आपल्या आत्मचरित्राचा पहिला भाग लिहिला. चामड्याचा वास, चर्मकार आजोबांची लहानशी शेती आणि नेनचे खोरे यांचे त्यात जे दर्शन घडते ते कारखान्यांच्या अहवालांत कोठून मिळणार?

कागद जपणाऱ्यांचेही ऋण मोठे आहे. जोन वेक या विदुषीने १९२० मध्ये नॉर्थॅम्प्टनशायर रेकॉर्ड सोसायटी स्थापिली आणि वाड्यांच्या माळ्यांवर कुजत पडलेली दप्तरे गोळा करण्यात आयुष्य वेचले. डेलाप्रे अ‍ॅबी ही जुनी वास्तू पाडली जाऊ नये म्हणून त्यांनी झुंज दिली, आणि १९५९ मध्ये तेथेच परगण्याचा दप्तरखाना उघडला. हे कागद वाचले नसते तर नीसन यांना आठवणींची पारख करणे शक्य झाले नसते.

क्लेअरच्या उत्तरायुष्याची कथा करुण आहे. १८३२ मध्ये त्याने हेल्पस्टन सोडून अवघ्या तीन मैलांवरील नॉर्थबरो येथे बिऱ्हाड केले, तरी तेवढ्या अंतरानेही तो परका झाला. १८३७ मध्ये त्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. १८४१ मध्ये एसेक्समधील त्या इस्पितळातून निघून, वाटेत गवत खाऊन, चार दिवसांत सुमारे ऐंशी मैल चालत तो घरी आला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास नॉर्थॅम्प्टनच्या इस्पितळात नेले आणि १८६४ मध्ये तो तेथेच वारला. तेथील त्याच्या खर्चासाठी आठवड्यास अकरा शिलिंग जे देत होते, ते अर्ल फिट्झविल्यम हेल्पस्टनच्या परिसरातील सर्वांत मोठे जमीनदार होते. इतिहासात खलपुरुष शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

आज हेल्पस्टनच्या दफनभूमीत क्लेअरची समाधी आहे आणि त्याचे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. स्वॉर्डी वेलची खाण आता वन्य जीवांसाठी राखून ठेविली आहे. एमन्सेल्स माळाचा भागही राष्ट्रीय राखीव क्षेत्रात मोडतो. पण हेल्पस्टन हे गाव आता नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये नाही. १९६५ मध्ये पीटरबरोचा तो भाग हंटिंग्डनला जोडण्यात आला आणि १९७४ पासून तो केंब्रिजशायरमध्ये मोडू लागला. खुद्द नॉर्थॅम्प्टनशायरचे परगणा-मंडळही २०२१ मध्ये बरखास्त होऊन त्याचे दोन कारभार झाले. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी भाषा आणि आठवणी जागच्या जागी राहतात, याचा अनुभव या नियतकालिकाच्या वाचकांस वेगळा सांगावयास नको.

नकाशा बदलतो तो एका सहीने. आणि ज्याने नवा नकाशा केला त्यास जुना जपण्याची निकड नसते. लँगली बुशचे ते जुने झाड नष्ट झाल्याची नोंद क्लेअरने १८२४ मध्ये आपल्या रोजनिशीत केली. ती खूण नकाशावर राहिली असती वा नसती. पण ते झाड कसे होते आणि त्याच्याखाली कोण बसत, हे आज आपणांस ठाऊक आहे ते एका शेतमजुराच्या मुलाने आठवण ठेविली म्हणून. १८२० च्या त्याच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख 'नॉर्थॅम्प्टनशायरचा एक शेतकरी' असा आहे, आणि तो अद्याप कोणत्याही कायद्याने रद्द झालेला नाही.